सोवळ्यातला उकिरडा

उकिरड्याला हात लावून आलेला माणूस आंघोळ करतो, ही जगाची रीत. आधी आंघोळ करून मंग उकिरड्याला हात लावायला जाणारा माणूस मी जन्मात एकच बघितला. ते आमचे शेजारी, पेशकारसाहेब.

रोज सकाळी आमच्या गोठ्यात धारा चालू असायच्या, तेव्हा मधल्या दगडी गडग्यापलीकडून बादलीचा आवाज यायचा. आंघोळ झाली की साहेब सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसून, कपाळाला गंध लावून मागच्या अंगणात हजर. हातात लोखंडी पहार. ती ढिगात खुपसायची, मनात शंभर आकडे मोजायचे, पहार उपसून तिला तळहात लावायचा अन् डोळे मिटायचे. वैद्य नाडी बघतो, बिलकुल तसं. मंग सुस्कारा टाकून म्हणायचे, "बदस्तूर!"

बदस्तूर म्हणजे आहे तसं. काल होतं तेच आज. सव्वा वर्ष मी हा एकच शब्द ऐकत आल्तो. कधी कधी वाटायचं, गडगा ओलांडावा अन् त्या ढिगाला एक लाथ घालावी. माझा स्वभाव जरा तापट आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आता पेशकार म्हणजे काय, हे नव्या पोरांना सांगायला पाहिजे. निजामी अमदानीत अंबडच्या तहसील कचेरीत हाकिमापुढं मिसली, म्हणजे कामांच्या फायली, ठेवायच्या, कागद वाचून दाखवायचे, लोकांना पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, तारखा द्यायच्या, हे पेशकाराचं काम. साहेबांनी, म्हणजे नरहररावांनी, ते तीस वर्षं केलं. हाकिम येत, बदलून जात, पेशकार तेच. बाहेर शेरवानी, डोक्यावर रुमी टोपी, जिभेवर उर्दू. घरी आले की शेरवानी ओसरीच्या खुंटीला, अन् आत कडक सोवळं. कचेरीतल्या हवेचासुद्धा विटाळ धरून दारातच पाय धुवायचे, चुळा भरायचे. आमची पारबती, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "ह्यो माणूस कचेरीतून येतो का मसणातून?"

मंग साहेब वजिफ्यावर आले. वजिफा म्हणजे तुमची पेन्शन. कचेरी सुटली, पण कचेरीची भाषा काही सुटली न्हाई. पारबतीनं दूध उशिरा दिलं की म्हणायचे, "आज पेशीला गैरहजर होतीस." मीठ संपलं की गडग्याशी येऊन, "एक दरख्वास्त आहे." एकदा मांजरानं त्यांच्या दह्याला तोंड लावलं, तर मला म्हणाले, "मुजरीम तुझ्या गोठ्यात फरार आहे, सखाराम. हवाली कर." मी म्हटलं, "साहेब, मांजर तुमचंच हाय." तर म्हणाले, "मंग मुकदमा खारीज."

हसायला यायचं, पण घरात दुसरं बोलायला होतं कोण? बायको गेली तेव्हा पोर सहा वर्षांची. गोदावरी, आम्ही गोदू म्हणायचो. साहेबांनी दुसरं लग्न केलं न्हाई. स्वयंपाक शिकले, पोरीची वेणी घालायला शिकले. मिसलीला दोरा आवळावा तशी तिची वेणी आवळायचे. संध्याकाळी सोडायला पोर पारबतीकडं यायची. पण दोघांचं बराबर चालायचं. बाप पूजेला बसला की पोर फुलं आणायची, अन् बाप कचेरीतून यायच्या वक्ताला दारात तांब्या घेऊन उभी राहायची.

गोदूचं लग्न मंठ्याच्या एका मास्तराशी झालं. माणूस लाख मोलाचा, बोलणं कमी. खोड एकच, भज्यांचा शौक. पहिल्याच अधिक महिन्यात धोंड्याचं जेवण म्हणून लेक-जावई अंबडला आले. साहेबांनी स्वतः अनारसे तळले होते. त्या दिवशी नेमका बाजार भरलेला. जावईबुवा सहज म्हणून बाजारात गेले अन् भट्टीपाशी उभे राहून कांद्याची भजी खाल्ली. आमच्या अंबडात अशी खबर भजी गार व्हायच्या आत घरी पोचते.

साहेबांनी जावयाला दारातच उभं केलं. मी गडग्यापाशी होतो, सगळं कानांनी ऐकलंय.

"भजी खाल्ली?"

"खाल्ली."

"कांद्याची?"

"कांद्याचीच."

मास्तर पडले सत्यवचनी. न्हाई म्हणाले असते तर सुंठीवाचून खोकला गेला असता. साहेबांनी तिथंच फैसला सुनावला. अधिक महिन्यात कांदा खाल्लाय, आधी पंचगव्य घ्या, मंग पंगतीला बसा. मास्तर म्हणाले, "मी काही चोरी केली न्हाई," अन् पिशवी उचलली. गोदू मधी उभी. एकदा बापाकडं बघे, एकदा नवऱ्याकडं. शेवटी डोळे पुसत नवऱ्यामागं गेली. जाणारच ना बिचारी. अनारशांचं ताट पाटापुढं तसंच राह्यलं.

असं चार वर्षं चाललं. ना हे तिकडं गेले, ना ते इकडं आले. वर्षातून दोनदा, दिवाळीला अन् संक्रांतीला, गोदूचं कार्ड यायचं. चार ओळी, सर्व खुशाल. साहेब ते कार्ड दहादा वाचायचे अन् मला एकदा वाचून दाखवायचे. एका दिवाळीच्या कार्डात खाली बारीक अक्षरात एक ओळ जास्तीची होती. 'अंगणात दोडका लावला होता, पण इथं नुस्ता मुरूम आहे, वीतभर येऊन वाळला.'

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी मागच्या अंगणात ढीग घालायला घेतला.

"काय करून राह्यलात साहेब?" मी गडग्यावरून विचारलं.

"खत. मृगाच्या आत एक गाडी खत मंठ्याला गेलं पाहिजे. गोदूच्या अंगणात मुरूम आहे."

"मंग जाणार तुम्ही?"

"मी? बिलकुल न्हाई. फैसला तो फैसला. मी जाणार न्हाई, खत जाईल."

मी कपाळाला हात लावला. अहो, अंबडहून मंठा म्हणजे बैलगाडीला वाटेत दोन मुक्काम. अन् मंठ्याला खताचा दुष्काळ आहे का? तिथं गुरांचा बाजार भरतो. ती गुरं काय शेण न टाकता उभी राहतात? मी तसं म्हणालोसुद्धा. साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी बिनस्टांपाचा कागद दाखल केलाय.

आता त्यांच्या ढिगाची तऱ्हा ऐका. शेतकी खात्याचं एक उर्दू चोपडं त्यांनी कुठून तरी मिळवलं होतं. एक थर पाला, एक थर शेण, वर माती, वर पाणी, मधून मधून खालवर करा. चोपड्यात सगळं बराबर लिहिलेलं होतं. पण ते लिहिणाराला साहेबांचं सोवळं ठाऊक नव्हतं. ढीग घरच्या अंगणात, तुळशीपासून दहा हातांवर. त्यात देवाचं निर्माल्य पडणार. म्हणून साहेबांनी ढीगच सोवळ्यात घेतला.

उष्टं चालणार न्हाई. खरकटं चालणार न्हाई. कांद्या-लसणाच्या सालीचं तर नावच काढायचं न्हाई. शेण गाईचं चालेल, म्हशीचं न्हाई. अन् गाईचंसुद्धा जमिनीला लागायच्या आत धरलेलं पाहिजे. आता गाय काय घंटा वाजवून शेण टाकते? आमची पारबती पाटी घेऊन गाईच्या मागं मागं फिरायची अन् शिव्या मला द्यायची. भाजीची सालं साहेब दोन पाण्यांनी धुवून घ्यायचे. धुतली की चटईवर उन्हात वाळवायचे, कुरडया वाळवतात तशी. वाळून कडकडीत झाली की ढिगात. वर कावळा बसू नये म्हणून पत्रा. अन् पाणी? पळी-पंचपात्रीनं शिंपडायचे! एवढ्या थोरल्या ढिगाला पळीभर पाणी. त्यात एकट्या माणसाच्या घरात सालं ती किती निघणार? दिवसाला एक दोडका, नाही तर दोन बटाटे. ढीग म्हणजे सगळा कडुलिंबाचा पाला अन् झेंडूची फुलं.

कुजेल कसा? आमचा उकिरडा बघा. सात पिढ्यांचा. त्यात काय पडतं अन् काय न्हाई हे देवाला ठाऊक. कोंबड्या उकरतात, म्हशी वरून जातात, पारबती शिळी आमटी ओतते. कुणी नाडी बघत न्हाई की मिसल लिहीत न्हाई. वर्षाकाठी खालून खत निघतं ते काळंभोर, भुसभुशीत. साहेबांच्या ढिगात मात्र दिवाळीची माळ शिमग्याला दोऱ्यासकट ओळखू यायची. बारा वर्षांनी उकिरड्याचासुद्धा पांग फिटतो म्हणतात, पण तो उकिरड्याचा. हा ढीग देवघरातला.

मी चांगल्या मनानं सांगायला गेल्तो. "साहेब, जरा म्हशीचं शेण मिसळा." तर म्हणाले, "तुझं म्हणणं नामंजूर."

पहिला मृग आला अन् गेला. गाडी काही मंठ्याला गेली न्हाई. साहेबांनी तहकीकात सुरू केली. पत्रा सदोष, पाला बोगस, विहिरीचं पाणी जड. शेवटी एका सकाळी त्यांचा संशय माझ्यावर आला.

"सखाराम, तुझ्या कोंबड्या रात्रंदिवस गडग्यापाशी उकरतात. माझ्या ढिगातली ऊब तुझ्या बाजूला खेचली जातेय."

"ऊब?"

"ऊब. कोंबड्यांना हजर कर."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "साहेब, पाच कोंबड्या हायेत. चार आणतो. एक खुडूक बसलीय, ती येणार न्हाई, तिला तारीख द्या."

मला वाटलं आता भडकतील. तर ते गंभीरपणे म्हणाले, "खुडूक असेल तर सूट आहे." असा माणूस. याच्याशी भांडायचं तरी कसं?

अन् रोज त्यांची ती मिसल चालूच. एका जाड वहीत फसली, म्हणजे निजामी सालाची, तारीख घालून लिहायचे. 'माहे आबान. ढीग थंड. बदस्तूर.' 'माहे बहमन. ढीग थंड. बदस्तूर.' एकदा त्यांनी मला वही दाखवली. पानामागून पान हेच. मला हसू आलं अन् लगेच वाईटही वाटलं. रोज सकाळी एक माणूस उठतो, आंघोळ करतो, आशेनं पहार खुपसतो अन् 'थंड' असं लिहून ठेवतो. सव्वा वर्ष. आपण असतो तर आठवड्यात कानाला खडा लावला असता.

त्या संक्रांतीला गोदूचं कार्ड आलं. साहेबांनी मला नेहमीसारखं वाचून दाखवलं न्हाई, म्हणून मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. दुपारी मी गोठ्यात म्हशीला पेंड घालत होतो, तर साहेब दारात उभे. आमच्या गोठ्यात! वीस वर्षांत त्यांनी त्या उंबऱ्याला पाय लावलेला न्हाई. मी पोतं झटकून टाकलं, तर ते तसेच दगडावर टेकले. कार्ड माझ्यापुढं धरलं. मला मोडीपेक्षा बाळबोध बरं वाचता येतं. गोदूनं लिहिलं होतं, 'भोपळ्याचा वेल लावला होता, तोही गेला. आता मी अंगणात काही लावायचंच सोडून दिलं आहे.'

"सोडून दिलं म्हणते," साहेब म्हणाले. "लहानपणी तुळशीच्या कट्ट्यात मिरच्या लावायची, रे. मी ओरडायचो." मंग म्हशीकडं बघत एकदम म्हणाले, "सखाराम, तुझा उकिरडा कसा कुजतो?"

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. यातलं गाढव मी, हे मला कळत होतं. दुसरा दिवस असता तर मी दोन टोमणे मारले असते. पण त्या माणसाचा चेहरा बघून माझी जीभ उचलली न्हाई.

"साहेब, रागावू नका," मी म्हणालो. "सोवळ्यात काही कुजत न्हाई. त्याला उष्टं लागतं, खरकटं लागतं, म्हशीचं शेण लागतं, गोठ्यातली मुताची माती लागते. कांद्याची सालं, शिळी भाकरी, ताक आंबलेलं, समदं लागतं. अन् पाणी घागरीनं. एकाच्या घरचं पुरत न्हाई, सगळ्या गल्लीचं लागतं. तुम्ही एकट्यानं एका अंगाला ठेवलेलं, धुतलेलं, वाळवलेलं, ते तसंच राहणार. शंभर वर्षं राहील."

साहेबांनी कार्ड कनवटीला खोचलं. उठले अन् गेले. दोन दिवस गडग्यापलीकडून बादलीचा आवाज आला, पण 'बदस्तूर' ऐकू आलं न्हाई. पारबती म्हणाली, "तुमच्या तोंडाला काय कुलूप हाय का न्हाई? म्हाताऱ्याच्या काळजाला लागलं असंल." मलाही तेच वाटून राह्यलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात हाक आली. "पारबती, उष्टं आहे का?"

पारबती बाहेर आली तर साहेब. अंगात जुनी बंडी, कमरेला पंचा, हातात पाटी. तिला वाटलं म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. घाबरून तिनं ताजी भाकरी आणली.

"ताजी नको," साहेब म्हणाले. "कालचं खरकटं दे. अन्... " डोळे मिटून त्यांनी वाक्य पुरं केलं, "अन् कांद्याची सालं असली तर ती पण."

पारबतीनं तोंडात बोट घातलं. नाकानं कांदे सोलणारा हा माणूस दारात उभा राहून कांद्याची सालं मागतोय! तिनं कोपऱ्यातलं खरकट्याचं डालगं पाटीत उपडं केलं. साहेबांनी मान तिरकी केली, पण पाटी मागं घेतली न्हाई. "अजून घाल," म्हणाले. "कंजुषी नको."

त्या दिवसापासून साहेब रोज सगळ्या गल्लीत फिरायला लागले. आधी लोक दारं लावून घ्यायचे. पेशकार दारात म्हणजे समन्स, ही तीस वर्षांची धास्ती. मंग कळलं की साहेबांना फक्त खरकटं पाहिजे. मंग काय, बाया हौसेनं राखून ठेवायला लागल्या. अन् साहेबांची जुनी खोड तिथंही जाईना. खरकटं बघून उलटतपासणी. "काल वांगं होतं? देठ कुठाय?" "पाहुणे आल्ते वाटतं?" एका घरी म्हणाले, "तीन दिवस झाले, नुसतं पिठलं. मुलाला भाजी देत जा." त्या बाईनं संध्याकाळी आमच्या पारबतीला विचारलं, "ह्ये खत करून राह्यलेत का सरकारी खानेसुमारी?"

आमच्या गोठ्यातली माती त्यांनी स्वतः खणून नेली. मी म्हटलं, मी टाकतो. तर म्हणाले, "मामला माझा आहे." नाकाला पंचा बांधून, पाटीमागून पाटी. जुना ढीग आम्ही दोघांनी मोडला अन् नव्यानं थर लावले. पत्रा काढून टाकला. घागरीनं पाणी घातलं. दर पाटीनंतर साहेब विहिरीवर जाऊन आंघोळ करून यायचे. चौथ्या आंघोळीनंतर मी म्हणालो, "साहेब, एकदाच शेवटी करा, न्युमोनिया होईल." त्यांनी विचार केला, अन् म्हणाले, "मंजूर." त्यांनी माझं मंजूर केलेलं हे पहिलं म्हणणं.

पाचव्या दिवशी सकाळी मी धार काढत होतो. पलीकडं पहार खुपसल्याचा आवाज आला. मंग सगळं शांत. अन् एकदम आरोळी, "ताप आला! सखाराम, ताप आला! धावा!"

मी चरवी टाकून पळालो. चरवी सांडली, म्हशीनं लाथ घातली ती वेगळी. माझ्यामागं पारबती, तिच्यामागं शेजारच्या बाया, अन् गल्लीच्या टोकाचे वैद्यबुवा बटवा घेऊन. म्हातारा एकटा राहतो, तापानं फणफणला असणार असंच सगळ्यांना वाटलं. बघतो तर साहेब ढिगापाशी उभे, पहार दोन्ही हातांत, अन् ढिगातून वाफ निघून राह्यलेली. तळहात भाजला होता. तरी तो पुढं करून सगळ्यांना दाखवत होते. "बघा, हात लावून बघा! बिलकुल गरम!" वैद्यबुवांनी पहारीला हात लावला अन् म्हणाले, "ताप चांगला आहे. औषध नको." गल्ली हसून हसून लोळली. अन् साहेब? ते आमच्याबरोबर हसत होते. तीस वर्षं कचेरीत असताना त्यांचे दात कुणी बघितले नव्हते.

मंग चार महिने तो ढीग आमच्या सगळ्या गल्लीचा झाला. येता-जाता कुणीही गडग्यावरून विचारायचं, "ताप कसा हाय साहेब?" आम्ही तो तीनदा खालवर केला. ढीग निम्म्यानं बसला. पाल्याचं नाव राह्यलं न्हाई, सालीची खूण राह्यली न्हाई, वासही गेला. मूठभर खत हातावर घेऊन साहेब दारोदार दाखवत फिरले. "हे तुमच्या घरचं," प्रत्येकीला म्हणायचे. बाया लाजायच्या, जशी काही पोराची तारीफ चाललीय.

मृगाला आठ दिवस होते. माझ्या गाडीत गोणपाटाची बोंदरी अंथरून आम्ही खत भरलं. ठरल्याप्रमाणं मी एकटा जाणार. पहाटे बैल जुंपले, तर साहेब दारात. शेरवानी, रुमी टोपी, हातात ट्रंक.

"कुठं निघालात?"

"खताच्या देखरेखीला. वाटेत सांडलं तर जबाबदार कोण?"

"साहेब, खत सांडायला ते दूध हाय का?"

"गाडी हाक," ते म्हणाले अन् खतावर चढून बसले. शेरवानी घालून! ज्यांना ज्यांना दिसलं ते थांबून बघत राह्यले.

वाटभर दोन दिवस साहेब तेच तेच वाक्य घोकत होते. "आम्ही खताच्या कामी आलो आहोत." मंग म्हणायचे, "न्हाई, 'आम्ही' बरं न्हाई दिसत. 'मी खताच्या कामी आलो आहे.' कसं वाटतं?" मी म्हणायचो, चांगलं वाटतं. दुसऱ्या मुक्कामाला नदीवर भाकरी सोडली, पण साहेबांनी आपला वाटा बैलापुढं धरला. "सखाराम, त्यानं दारातूनच परत पाठवलं तर?" मी म्हणालो, "पाठवणार न्हाई." "मी पाठवलं होतं," ते म्हणाले. मी उगाच बैलांच्या पाठीवरून हात फिरवत राह्यलो.

तिसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत आम्ही मंठ्यात शिरलो. मास्तरांचं घर विचारून काढलं. अंगण खरंच मुरमाड, पांढरं फटक. गोदू दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं आधी गाडी बघितली, मंग खत बघितलं, मंग खतावर बसलेला बाप बघितला. सूप हातातून खाली पडलं.

साहेब उतरले. टोपी सरळ केली. दोन दिवस घोकलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं अन् एक शब्द बाहेर पडेना. तेवढ्यात मास्तर आतून आले. सासऱ्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता काय होतंय देव जाणे. मास्तर मागच्या बाजूला गेले अन् फावडं घेऊन आले.

दोघांनी मिळून गाडी रिकामी केली. मास्तर फावड्यानं ओढत, साहेब पाटीनं वाहत. मी मदतीला गेलो तर दोघांनीही मला हातानंच अडवलं. साहेबांची शेरवानी खतानं काळी झाली. शेवटची पाटी टाकून ते तिथंच ढिगाजवळ जमिनीवर बसले, धापा टाकत.

गोदू पाण्याचा तांब्या घेऊन आली. बापाचे हात धुता धुता रडत होती अन् रागावतही होती. "बाबा, हे खत कुणाच्याही गाडीबरोबर पाठवलं असतं तरी आलं असतं. या वयात तीन दिवस हाडं खिळखिळी करून घ्यायची काय गरज होती?"

"आलं असतं," साहेब म्हणाले.

मंग त्यांनी आपले ओले हात गुडघ्यांना पुसले.

"पण मंग मी कसा आलो असतो, गोदे?"

ती तिथंच मुरमावर बापाशेजारी बसली. मला हुंदका आला, तो मी बैलांवर ओरडून झाकला. मास्तर फावड्यावर हात ठेवून उभे होते. चार वर्षांनी ते सासऱ्याशी पहिल्यांदा बोलले.

"मुरमाड जमीन आहे," ते म्हणाले. "खत मुरायला दिवाळी येईल. तवर देखरेखीला कुणीतरी पाहिजे."

मी पारबतीचे निरोप सांगितले, भाकरी खाल्ली अन् रिकामी गाडी घेऊन एकटाच अंबडला परत आलो.